तीनला कंपासपेटी, चारला प्रेस

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटला लागून असलेल्या ज्ञानांबिका विद्याशाळेत चंद्रिकाबाईंनी एकतीस वर्षं गणित शिकवलं, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांना कुणी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. प्रार्थनेलासुद्धा त्या नुसते ओठ हलवत. म्हणून २००६ सालच्या जूनमध्ये हेडमास्तर राजगोपाल यांनी बोलावून घेऊन "उद्यापासून संगीताचा तास तुमच्याकडे" असं सांगितलं, तेव्हा बाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

चूक नव्हती. वरून परिपत्रक आलं होतं. प्रत्येक शाळेत आठवड्याला दोन तास संगीत झालंच पाहिजे. ज्ञानांबिकेत संगीतशिक्षकाची जागा सात वर्षं रिकामी होती. ती भरण्याबद्दल परिपत्रकात एक ओळही नव्हती; तास झाल्याचा अहवाल कसा पाठवायचा याबद्दल मात्र दोन पानं होती.

"पण सर, मीच का?"

"तुम्ही तंजावरच्या मराठी ना," राजगोपाल म्हणाले. "तुमच्या राजांच्या पदरी केवढे गवई, केवढे वादक. ते रक्तातच असतं."

चंद्रिकाबाईंच्या रक्तात होतं ते असं: आजोबा त्रिचीच्या रेल्वे वर्कशॉपात टाइमकीपर, वडील कुंभकोणमला कचेरीत कारकून, आणि घरात वाजणारी वस्तू एकच, भिंतीवरचं घड्याळ, तेही मागे पडायचं. तसं त्यांनी सांगून पाहिलं. आमच्याकडे कुणी गात नाही सर, आजोबा फार तर वर्कशॉपचा भोंगा वाजवायचे.

राजगोपालांनी क्षणभर विचार केला. "भोंगा म्हणजे श्रुतीच की," ते म्हणाले, आणि वेळापत्रकात बाईंचं नाव लिहून मोकळे झाले.

एक गोष्ट बाईंनी सांगितली नाही. कुंभकोणमला त्यांच्या शेजारी एक मृदंगाचे गुरुजी राहत. सकाळी मुलं शिकायला येत आणि सात-आठ वर्षांची चंद्रिका अलीकडच्या ओट्यावर तांदूळ निवडता निवडता सुपावर बोटं चालवी. एकदा गुरुजींनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. पोरीच्या बोटांकडे बघत राहिले आणि मग तिच्या आईला म्हणाले, "हात बरा आहे. दुसऱ्या कामाला लावा." आईने तो दुसऱ्या कामाला लावला. त्यानंतर पन्नास वर्षं त्या हाताने पोळ्या लाटल्या, फळा पुसला, वह्या तपासल्या. ही हकिगत बाईंनी नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती, कारण तीत सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

संगीताचं कपाट उघडलं तेव्हा आत एक हार्मोनियम निघालं, त्याच्या भात्यात उंदरांनी संसार थाटला होता. मृदंगाची एक बाजू फाटलेली, दुसरी खाल्लेली. बाईंनी कपाट बंद केलं आणि पाचवीच्या त्रेचाळीस मुलांना संगीताच्या तासाला गणितं घातली. दोन आठवडे हे असं चाललं. अहवालात 'संगीताचा तास शांततेत पार पडला' असं लिहून गेलं, आणि त्यावर वरून 'समाधानकारक' असा शेराही आला.

आता शाळेच्या भिंतीपलीकडे वॉशर पाडण्याचा एक छोटा कारखाना होता. त्यातला पॉवर प्रेस सकाळी आठपासून पडायचा, धप्प आणि मधे थांबून पुन्हा धप्प. राजगोपालांनी त्याविरुद्ध नऊ अर्ज केले होते. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्या आवाजातच त्यांनी हजारो मुलांना भागाकार शिकवला होता.

जुलैतल्या एका तासाला त्या लसावि शिकवत होत्या. तीन आणि चार यांचा लसावि बारा. का बारा, हे दरवर्षी कुणालाच कळत नसे. मुलं पाठ करत आणि परीक्षेनंतर विसरत. फळ्याकडे पाठ असताना त्यांना मागून टकटक ऐकू आली. वळून पाहिलं तर तिसऱ्या बाकावरची शरण्या कंपासपेटीच्या झाकणावर पेन्सिल आपटत होती.

बाई गेल्या आणि पेटी उचलून घेतली. "हा काय तमाशा?"

"टीचर, लसावि," शरण्या म्हणाली.

"कसला लसावि?"

"मशीन चारला पडतं, टीचर. मी तीनला वाजवते. मग बाराला दोघं एकदम पडतो." आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून तिने घाईघाईने पुढे जोडलं, "माझे अप्पा त्याच मशीनवर आहेत."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या पेटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या आणि मनातल्या मनात मोजू लागल्या. धप्प. दोन, तीन, चार, धप्प. मग त्यांनी पेटी शरण्याला परत दिली. "वाजव."

शरण्याने वाजवलं. तीन-तीनाने पेन्सिल पडत गेली, कधी प्रेसच्या आधी, कधी मागून, आणि बरोबर तेराव्याच्या तोंडाशी, म्हणजे नवं आवर्तन सुरू होताना, पेन्सिल आणि प्रेस एका ठोक्यात आले. एकतीस वर्षं त्या जे खडूने सांगत होत्या ते भिंतीपलीकडे रोज दिवसभर कुणीतरी मोठ्याने ओरडून सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना सांगितलं, घरातून काहीही आणा, फक्त वाजलं पाहिजे. मुलांनी डब्यांची झाकणं आणली, स्टीलचे पेले आणले, इडलीच्या ताटल्या, माडाच्या हिरांचा झाडू, चिंचोके भरलेली पावडरची डबी. कुणी बाकाच्या कडेला पट्टी दाबून तिला टणत्कार करायला लावलं. ओढणीत किल्ल्यांचा जुडगा बांधून एकीने त्याचा छुमछुम आवाज काढला. बाईंनी वर्गाचे तीन भाग केले. लहानपणी ओट्यावरून ऐकलेले मृदंगाचे बोल वाटून दिले: पहिल्यांना तकिट, दुसऱ्यांना तकधिमि, तिसऱ्यांना तदिगिणतोम. तीन, चार, पाच. साठाव्याला सगळे एकत्र आले पाहिजेत. पहिल्या दिवशी अठराव्यालाच भांडण झालं. महिन्याभरात मात्र पोरं साठावर अशी येऊन पडत, की पलीकडचा प्रेसच त्यांची साथ करतोय असं वाटे.

घरीही बाईंचा हात थांबेना. वेंकोबाराव, त्यांचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले आणि डाव्या कानाने अधू. स्वयंपाकघरातून कढईचा, मग पातेल्याचा, मग पुन्हा कढईचा आवाज यायला लागला तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"काय गे, भांडीं कोणाशीं भांडत्यात?"

"भांडत नाहींत. कढई पांचाला बरी, पातेलें चाराला. तें बघत होतें."

"सरी, बरें," वेंकोबाराव म्हणाले, आणि उजवा कान स्वयंपाकघराकडे येईल अशी खुर्ची फिरवून पुन्हा वाचू लागले. एवढ्यावर त्यांनी तो विषय संपवला; पण खुर्ची पुढे कायम त्याच तोंडाने राहिली.

सहामाहीत पाचवीचे लसावि-मसावि एकूण एक बरोबर आले. आता शाळेत असं काही झालं की आधी चौकशी होते. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी तक्रार केली की आमची मुलं इतिहास तालात म्हणू लागली आहेत. दोन पालक पोचे आलेले डबे घेऊन आले. राजगोपालांनी बाईंना बोलावलं आणि फार समंजसपणे तोडगा सांगितला. "तालवाद्य शिकवा, माझी हरकत नाही. फक्त आवाज होऊ देऊ नका."

बाई "बरं सर" म्हणाल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्या एवढं शिकल्या होत्या की "बरं सर" म्हटल्यावर पुढे काहीही करता येतं.

डिसेंबरात सिरुसेरीच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतली काही तरुण मंडळी शाळेला भिंती रंगवून द्यायला आली. त्यांच्यात अनय नावाचा एक मुलगा होता, पुण्याचा, वर्षभरापूर्वी चेन्नईला आलेला. ब्रश हातात घेऊन तो पाचवीच्या खिडकीशी जो थांबला तो तासभर थांबला. भिंतीचा तेवढा तुकडा शेवटपर्यंत तसाच राहिला. तास सुटल्यावर तो आत आला, आणि बाईंचं टेबलावरचं नाव वाचून म्हणाला, "मॅडम, यू आर मराठी?"

"होय. आम्ही तंजावरचे," बाई म्हणाल्या. "बैसा. कोठून आलांत?"

अनय बसला, पण 'बैसा' ऐकून त्याला क्षणभर कळेना की आपण शाळेत आहोत की दरबारात. "मी पुण्याचा. काकू, हे कसलं भन्नाट आहे."

"भन्नाट म्हणजे काय? भांड्याचें नांव?"

"नाही, म्हणजे... फार चांगलं आहे."

"मग चांगलें म्हणा कीं."

अनयने खूप फोटो काढले. शरण्याचा काढला, इडलीच्या ताटलीचा काढला. बाईंना त्याने शंभर प्रश्न विचारले आणि उत्तरं एका वहीत लिहून घेतली. जाताना तो वाकून नमस्कार करून गेला. मुलगा मनापासून बोलत होता हे बाईंना पटलं होतं, आणि ते खरंही होतं. मनापासून लिहिलेली ती वही पुढे चार खात्यांतून फिरली, तिचं काय झालं ते मात्र त्याच्या हातात राहिलं नाही.

पुढच्या वर्षी जुलैत पत्र आलं. 'दैनंदिन वस्तूंतून तालशिक्षण' या उपक्रमासाठी बारा शाळांतल्या शिक्षकांनी सिरुसेरीला एक दिवसाच्या प्रशिक्षणाला यावं. ज्ञानांबिकेतून चंद्रिकाबाईंना प्रशिक्षणार्थी म्हणून पाठवण्यात आलं. तीन बस बदलून त्या पोचल्या. हॉल इतका थंड होता की सगळ्या शिक्षिकांनी पदर डोक्यावरून घेतले. पडद्यावर एकामागून एक चित्रं येत होती आणि बंगळूरहून आलेली एक तज्ज्ञ बाई इंग्रजीत समजावून सांगत होती, की मुलांना ताल असतो.

सातव्या चित्रात शरण्या होती, कंपासपेटी घेऊन. खाली लिहिलं होतं: 'उपक्रमापूर्वीची परिस्थिती'.

आठव्या चित्रात 'उपक्रमानंतरची परिस्थिती' होती. तीत एक गोरंगोमटं अनोळखी मूल एका निळ्या प्लॅस्टिकच्या पेल्याकडे बघून हसत होतं. हा पेला म्हणजे किटमधली वस्तू क्रमांक दोन. किटमध्ये अशा सहा वस्तू होत्या, सगळ्या सारख्या रंगाच्या, कडा गुळगुळीत, सुरक्षित. घरातल्या वस्तू प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, तज्ज्ञ बाईंनी सांगितलं, त्यामुळे मोजमाप करता येत नाही. म्हणून दैनंदिन वस्तू प्रमाणित करण्यात आल्या आहेत.

चंद्रिकाबाईंनी हात वर केला. "हा पेला वाजत नाही. मी मघाशी वाजवून पाहिला."

"तो आघात शोषून घेतो," तज्ज्ञ बाई आनंदाने म्हणाल्या. "शाळांचीच तशी मागणी होती, आवाज कमी हवा."

शेवटी वीस प्रश्नांची परीक्षा झाली. पहिला प्रश्न: पुढीलपैकी दैनंदिन वस्तू कोणती? चार पर्यायांत 'जेवणाचा डबा' होता आणि 'किटमधील वस्तू क्रमांक दोन' होती. बाईंनी डब्यावर खूण केली. वीसपैकी त्यांना आठ मिळाले, खाली शेरा होता: 'विषयाची जाण कमी, उजळणी वर्गाची आवश्यकता.'

जेवणाच्या वेळी अनय त्यांना शोधत आला. त्याचा चेहरा पडलेला होता. "काकू, मी तुमचं नाव लिहिलं होतं. पहिल्या पानावर होतं. मग ते म्हणाले पानं कमी करा."

"असूं द्या," बाई म्हणाल्या. "पायसम बरें जाहलें आहे. तुम्ही जेवलांत?"

तो जेवला नव्हता. बाईंनी त्याला समोर बसवून जेवायला लावलं. त्यांना राग आला नव्हता असं नाही. आला होता, आणि तो अनयवर काढणं सोपं होतं म्हणूनच त्यांनी काढला नाही.

किट आले. राजगोपालांनी ते खराब होऊ नयेत म्हणून कपाटात ठेवले, आणि वस्तू प्रमाणित असल्यामुळे घरून काही आणायचं नाही असा हुकूम काढला. जानेवारीत उद्घाटन ठरलं. कंपनीचे एक मोठे साहेब येणार होते. त्या दिवसापुरते किट बाहेर निघाले, मुलांना निळे टी-शर्ट मिळाले. पाहुण्यांना त्रास नको म्हणून राजगोपाल स्वतः कारखान्यात जाऊन विनंती करून आले, आणि नऊ अर्जांनी जे झालं नव्हतं ते एका विनंतीने झालं. त्या सकाळी प्रेस बंद राहिला.

हारतुरे झाले, भाषणं झाली. मग आता सहावीत गेलेल्या त्याच त्रेचाळीस मुलांनी निळे पेले उचलले. जो आवाज आला तो ओल्या पोत्यावर चिंचा पडाव्यात तसा होता. पहिला गट तकिट करत होता, पण दुसऱ्याला तो ऐकू येत नव्हता. भिंतीपलीकडून धप्प येईना. मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली, विसाव्यापर्यंत तिन्ही गट तीन दिशांना गेले, आणि पुढच्या रांगेतली कनका, वर्गातली सर्वांत हुशार मुलगी, पेला धरून रडायला लागली.

चंद्रिकाबाई कडेला उभ्या होत्या. त्यांच्या शेजारच्या टेबलावर हार आणलेलं पितळी ताट होतं. पुढे काय झालं ते त्यांनी ठरवून केलं नाही, असं त्या नंतर सांगत. त्यांनी ताट उचललं, उरलेल्या पाकळ्या झटकल्या आणि बोटांच्या पेरांनी मधोमध ठोका दिला. सगळा हॉल वळला. ठोका, दोन, तीन, चार, ठोका. अठ्ठावन्न वर्षांच्या, चष्मा लावणाऱ्या, कधी न गुणगुणलेल्या गणिताच्या बाई चारशे लोकांसमोर प्रेस झाल्या होत्या.

शरण्याने पेला खाली ठेवला आणि बसायची लोखंडी खुर्ची उलटी केली. मग सगळ्यांनीच. कुणी खुर्चीची पाठ घेतली, कुणी पाण्याचे स्टीलचे पेले, एकाने तर सत्काराच्या नारळावर नारळ आपटला. तकिट, तकधिमि, तदिगिणतोम. मागे बसलेले पालक, त्यातले निम्मे इस्टेटीतल्या यंत्रांवर काम करणारे, तोंडाने आकडे मोजू लागले. पन्नासच्या पुढे सगळा हॉल मोजत होता. साठ संपून नव्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याला सगळं एकदम पडलं आणि थांबलं.

मोठे साहेब उभे राहिले. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "एवढ्या कमी दिवसांत किटने हे घडवलं."

राजगोपाल जोरात टाळ्या वाजवत होते. उपक्रम लगेच चाळीस शाळांना लागू झाल्याचं जाहीर झालं. चंद्रिकाबाई ताट खाली ठेवून, मुंग्या आलेल्या बोटांनी रडणाऱ्या कनकेचं नाक पुसत होत्या. साहेब काय बोलले ते त्यांना मागाहून कळलं. त्या वेळी त्यांना फक्त एवढं जाणवत होतं की हात गरम झाला आहे आणि आपल्याला तो पुन्हा ताटावर ठेवायचा आहे.

मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. शाल मिळाली. जूनमध्ये अनय घरी आला. चाळीस शाळांसाठी प्रशिक्षक हवे होते, आणि त्याने बाईंचं नाव सुचवलं होतं. अडचण एकच. प्रशिक्षकाला त्या परीक्षेत वीसपैकी बारा तरी हवेत, आणि बाईंच्या नावावर आठ लागले होते. "मी भांडलो त्यांच्याशी," तो म्हणाला. "सिस्टिम नाव घेतच नाही म्हणतात."

वेंकोबारावांनी उजव्या कानाने सगळं ऐकलं होतं. "उजळणी वर्ग आहे म्हणे. जाऊन ये कीं. तुजला काय, गणित येतें."

बाई गेल्या. तोच हॉल, तीच थंडी. दैनंदिन वस्तू कोणती, या प्रश्नाला त्यांनी किटमधील वस्तू क्रमांक दोन असं बिनदिक्कत उत्तर दिलं. वीसपैकी वीस मिळाले. शेरा आला: 'उल्लेखनीय प्रगती.' पंधरा दिवसांत त्यांच्या गळ्यात फोटोचं ओळखपत्र आलं, त्यावर 'मास्टर ट्रेनर' असं लिहिलेलं.

त्यांचं पहिलं प्रशिक्षण एन्नोरला होतं, कोळीवाड्याजवळच्या एका शाळेत. खिडकीतून वीजकेंद्राची धुरांडी दिसत होती आणि टेबलांवर सकाळी पुसूनही राख होती. अठरा शिक्षक आले होते, प्रत्येकासमोर एकेक सीलबंद किट. बाईंनी किट खुर्चीखाली ठेवायला सांगितले आणि पिशव्या उघडायला लावल्या. पिशव्यांतून छत्र्या निघाल्या, डबे निघाले, चष्म्याची घरं, एक भाजी चिरायची विळी, आणि विड्याच्या पानांची एक डबी. अहवालातल्या 'किटचा उपयोग झाला का' या रकान्यापुढे त्या दिवशी त्यांनी 'होय' लिहिलं. वाऱ्याने आपटणारं दार त्यांनी एका किटने अडवलं होतं.

शेवटच्या रांगेत चंद्रमौळी नावाचे एक मुख्याध्यापक बसले होते, निवृत्तीला आलेले. ते हात गुंडाळून म्हणाले, "माझ्याकडे काही नाही, टीचर. मला ताल येत नाही. आमच्या घरात कुणालाच नव्हता."

"घर कुठे होतं?"

"इथेच, खाडीवर. वडील मासे धरायला जायचे."

"होडी वल्ह्याची?"

"आधी वल्ह्याची. चार माणसं. मग इंजिन बसवलं." आणि न विचारताच ते पुढे म्हणाले, "वल्ही मारताना पुढचा माणूस हाक द्यायचा, त्यावर बाकीचे ओढायचे."

बाईंनी आपली खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली आणि बसल्या. "कशी हाक द्यायचा? हळू सांगा," त्या म्हणाल्या. "मी मोजते."